चित्राला माउंट कुठला घालू?

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. अंबाबाई, जोतिबा, शाहू महाराज, लग्नातले जोडीफोटो, गदा खांद्यावर घेतलेले पैलवान, ही आमची रोजची कामं. त्यात दरवर्षी हमखास येणारं एक काम म्हणजे इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेची प्रमाणपत्रं. ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण जादा, बी ग्रेडला 5, सी ग्रेडला 3. त्यामुळं नववीपर्यंत आपल्याकडं घराघरात चित्रकलेला मोठा मान. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळ्याला क्लास लावलेला. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, गुण पदरात पडले, की रंगपेटी माळ्यावर.

"आता बास की चित्रं. अकरावी सायन्स हाय," हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता फ्रेमची पट्टी कापता कापता मनातल्या मनात आधीच म्हणते. ज्या वयात पोरांच्या डोक्यात खरा कालवा सुरू होतो, नेमक्या त्याच वयात आपण त्यांचे रंग काढून घेतो आणि वर विचारतो, मनातलं बोलत का नाहीस?

चित्रं काही थांबत नाहीत म्हणा. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर, टेस्ट सिरीजच्या पेपरच्या कडेला, मोबाईलवर बोटानं, कुठंतरी ती निघतातच. त्यातली फार थोडी माझ्यापर्यंत येतात.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा देणारी. प्लास्टिकच्या फाइलमधून तिनं एक कागद काढला, साधारण 12 बाय 18 इंच. लांबून बघितलं तर बाईचा चेहरा. जवळ घेतला तर सगळा चेहरा ओएमआर शीटवर, म्हणजे गोल भरून उत्तरं द्यायच्या कागदावर, असतात तसल्या बारक्या गोलांचा. ओळीत चार-चार गोल. काही काळ्या बॉलपेननं गच्च भरलेले, काही कोरे. गालाची सावली म्हणजे भरलेले गोल, कपाळाचा उजेड म्हणजे कोरे. डोळ्यांच्या जागी मात्र एका ओळीतले चारही गोल भरलेले. आता ज्यानं ओएमआर भरलाय त्याला कळेल, एका प्रश्नाला चारही गोल भरले तर उत्तर बाद.

वडील म्हणाले, "काळं लई झालंय, ताई. भोवतीनं एखादा पिवळा-बिवळा माउंट घाला, जरा उजळ दिसंल."

माउंट म्हणजे चित्र आणि पट्टी यांच्यात भोवतीनं घालायचा पुठ्ठा. माणूस वाईट नव्हता. पैसे द्यायला, फ्रेम करायला स्वतः आला होता, हेच खूप. पण चित्र लेकीचं, म्हणून मी तिला विचारलं, "तू सांग, माउंट कुठला घालू?"

"पांढरा नको, काकू. शीटसारखा दिसंल. करडा हाय का?"

होता. मग आम्ही दोघी बराच वेळ माउंटवरच बोललो. खाली जागा थोडी जास्त सोडायची का, पट्टी काळी की सागवानी. मी तिला सांगितलं की बॉलपेनची शाई उजेडानं उडते, खिडकीसमोर लावू नको. आणि माउंट नुसता शोभेला नसतो. त्यामुळं काच आणि कागद यांच्यात फट राहते, नाहीतर आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. हे सगळं ती लक्ष देऊन ऐकत होती. आणि मग, कुणी काही न विचारता, वडिलांकडं न बघता म्हणाली, "रात्री झोप लागत न्हवती तवा केलंय हे. एका रात्रीचं न्हाई."

वडिलांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

एक डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक आहेत, मानसोपचाराचे. दवाखान्यात लावायला त्यांनी एकदा पन्हाळ्याचं चित्र फ्रेम करून नेलं. त्यांना मी विचारलं होतं, काळी चित्रं काढणारं पोरगं आजारी समजायचं का? ते म्हणाले, रंगावरून निदान होत नाही. झोप, जेवण, मित्र, आंघोळ, आधी आवडायच्या त्या गोष्टी, यातलं काय काय सुटलंय ते बघा. आठवडा-दोन आठवडे असंच चाललं असेल तर आणा. आणि जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर रात्री-अपरात्री चालतो, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो नंबर मी जाड मार्करनं लिहून बिलबुकाच्या मागं चिकटवलाय. त्या दिवशी वडील बिल देताना मी बिलबुक मुद्दाम उलटं ठेवलं. त्यांनी नंबरचा फोटो काढला. मी काही बोलले नाही, तेही नाहीत.

मनातलं दुखणं चित्रांवर निघतं, खरं तर या गावाला हे नवीन नसावं. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. 1922 साली महाराज गेले तेव्हा त्या धक्क्यात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली, असं इथं जुनी माणसं सांगतात. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. किती हळवा कलावंत! आणि घरातल्या पोरानं स्केचबुक फाडलं की आपण म्हणतो, नाटकं करू नको, कागदाला पैसं पडत्यात.

मला विचाराल तर या पोरांच्या चित्रांना 'छान' म्हणायची पण गरज नाही. 'छान' म्हणून आपण सुटतो. कुठल्या पेननं केलंस, कागद कितीचा घेतलास, ही बाजू आधी केलीस की ती, असं विचारा. कामाबद्दल विचारलं की पोरं बोलतात. 'तुला काय झालंय' म्हटलं की दार बंद.

परवा पॉलिटेक्निकचा एक मुलगा आला. ए फोरचे चार तुकडे, एकाच चित्राचे. घरातला जिना, वरून खाली बघितलेला, कोळशानं केलेला. "फाडलं हुतं मीच. आता पायजे." मी म्हटलं, मागनं चिकटवून माउंटखाली जोड झाकून टाकते, कळणार नाही. तर नको म्हणाला. फाटलेल्या कडा दिसल्या पाहिजेत, तुकड्यांत फट ठेवायची. मग मागं वेगळा बोर्ड, कोळसा काचेला लागू नये म्हणून पट्टीच्या आत उंची द्यायची, म्हणजे खोल पट्टी. खर्च वाढला. आकडा सांगितला तसं त्यानं भुवया चढवल्या.

"एवढं? काच नको मग."

"काच नको तर कोळसा झडंल, बाबा."

"मावशी, विद्यार्थी हाय मी. काय तरी कमी करा की."

अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी पट्टी साधी, काच घालायची, आणि पैसे दोन हप्त्यांत.