चहाचं पाणी धरायचं की नाही?

भुसावळचा मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि बायको रोज संध्याकाळी हिशेब मागते, "आज पाणी किती प्यायलात?" मी चहा धरून सांगतो, ती चहा वजा करते. चहानं अंगातलं पाणी उलट निघून जातं, हे तिचं ठाम मत.

शेवटी नातवाच्या औषधाच्या मापानं टपरीवरचा कटिंग मोजला. जेमतेम ७० मिली. दिवसाचे सहा, म्हणजे ४२०. धड तांब्याभरही नाही!

पण वाया जात नाही ते. कॅफीननं लघवी थोडी वाढते, सवय असलेल्याला तर कमीच. २०१४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० कॉफीबाज पुरुषांना काही दिवस रोज चार मग कॉफी, काही दिवस तेवढंच पाणी पाजलं. शरीरातल्या पाण्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ताक, कढी, पातळ वरण, टरबूज, सगळं जमेत धरायचं. (दारू नाही, हे आमच्या शेजाऱ्यासाठी.)

हे वाचून दाखवलं, तर बायकोनं सहा कटिंगांतली साखर मोजायला घेतली. बारा चमचे. मी गप्प. चार वाजता चहाऐवजी ताकाचा पेला आला, वर भाजलेलं जिरं.