डबीतला लाल कोळी

जूनचा दुसरा आठवडा, पहिला दणकून पाऊस होऊन दोन दिवस झालेले आणि लॅबमध्ये नेहमीसारखी गर्दी. आमचं काम म्हणजे माती-पाणी तपासणी, सामू (पीएच), ईसी (क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब, चुनखडी, सीझनला पानदेठ तपासणी, बस. किडे-बिडे आमचा प्रांतच नाही, पण माझं एमएस्सीला झूऑलॉजी होतं ना, मग पाय असलेलं काहीही आलं की ते माझ्या टेबलावर येतं.

तर नाशिकजवळच्या मखमलाबादहून एक पोरगा आला, पंचविशीचा असेल, पुण्यातली नोकरी सोडून घरची द्राक्षबाग बघायला लागलेला. हातात प्लास्टिकची पारदर्शक डबी आणि त्यात तीन लालभडक ठिपके निवांत चालतायत. "मॅडम, लाल कोळी जमिनीतून वर यायला लागलाय, बोदावर (वेलींखालच्या मातीच्या उंचवट्यावर) सगळीकडे झालाय, दुकानदार म्हणतो ड्रिपमधून कोळीनाशक सोडून दे, आजच सोडू का?"

मला हसूच आलं. मृगाचा मखमली किडा हो तो! मखमलाबादचा माणूस आणि मखमल ओळखेना. त्याचे वडील बाहेर गाडीत बसले होते, त्यांना बोलावून डबी दाखवली तर म्हणाले, "अरे हा पाऊस घेऊन येतो, लहानपणी काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो आम्ही." पोराचं तोंड उतरलं.

पण खरं सांगायचं तर पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. मृगाचा किडा हाही कोळीच, माईट, म्हणजे किडा नाहीच, आठ पायांचा, कोळिष्टकवाल्या कोळ्याचा आणि विंचवाचा लांबचा भाऊबंद. फक्त द्राक्षाच्या पानामागे बसून रस पिणारा, बारीक जाळी करणारा जो लाल कोळी आहे त्याच्याशी याचं काही देणंघेणं नाही. हा लहानपणी सहा पायांचा असतो, नाकतोड्यासारख्यांच्या अंगाला चिकटून जगतो आणि मोठा झाला की मातीत राहून दुसऱ्या किड्यांची अंडी खातो. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस काय तो वर येतो. आणि याच्यावर औषध सोडायचं?

"ते ठीक आहे, पण मातीत बारीक बारीक पण काहीतरी चालतंय मॅडम, मोबाईलवर झूम करून बघितलं मी." मातीची पिशवी पण आणलेली होती, शहाणं पोरगं. म्हटलं ठेवून जा, बघते.

मातीतले बारीक जीव वेगळे काढायला जे यंत्र लागतं ते लॅबमध्ये कुठून असणार, मग पाच लिटरचा कॅन कापून उलटा केला, त्यात घरची जुनी चाळण, चाळणीवर माती, वर टेबल लॅम्प आणि खाली स्पिरिटची बाटली. साधी आयडिया आहे, माती वरून तापत, सुकत जाते, आतले जीव ओल आणि अंधार शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. १९०५ साली इटलीत बर्लेसीने हे गरम पाण्यावर केलं होतं, १९१८ मध्ये स्वीडनच्या टुलग्रेनने बल्ब लावला, आणि मी घाईघाईत शंभर वॉटचा बल्ब लावला, तोही मातीला जवळजवळ टेकवून.

दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन मुंग्या आणि थोडी धूळ. पोराला फोन करून सांगणार होते की तुमची माती मेलेली आहे, रसायनांनी वाट लागली वगैरे, फोन हातात पण घेतला होता. मग चाळणीवरची माती बोटाने कुस्करली तर नुसती वाळलेली ढेकळं, तव्यावर भाजल्यासारखी. हे जीव मुंगीसारखे पळत नाहीत, सावकाश चालतात, माती एवढी झटपट सुकवली तर ते आतच मरतात. म्हणजे माती मेलेली नव्हती, मीच मारली होती.

पुन्हा लावलं, पंधरा वॉटचा बल्ब, वीतभर उंचावर, उरलेली माती ढेकळं न फोडता अलगद. मध्ये एकदा लाइट गेली चार तास, तरी पाच दिवस ठेवलं. आणि मग मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी डबा खायचा विसरले. काळे-तपकिरी, चकचकीत, मोहरीच्या दाण्यासारखे गोल, पण मोहरीपेक्षा कितीतरी लहान, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. हे ऑरिबॅटिड, कडक कवचाचे, कुजका पाला आणि बुरशी खाणारे. एकाने तर पाय आत घेऊन पुढचा भाग झाकणासारखा बंद केलेला, बघितल्यावर वाटावं बी आहे कसलंतरी. यांच्या काही जातींत नरच नसतात, माद्यांचं माद्यांवरच चालतं. शिवाय फिकट बदामी रंगाचे लांब पायांचे, हे शिकारी, मातीतले सूत्रकृमी (बारीक जंत) आणि उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे बारके जीव खाणारे. पानाचा रस पिणारा लाल कोळी एकही नाही.

पोराला बोलावलं तर येताना तो आणखी एक पिशवी घेऊन आला, ट्रॅक्टर फिरतो त्या पट्ट्यातली. तीही लावली, याच बल्बवर, तेवढेच दिवस. बोदावर यांनी छाटणीच्या काड्या बारीक करून शेणखताबरोबर टाकलेल्या होत्या, तिथली बाटली भरलेली, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखालच्या, दाबून दगड झालेल्या मातीत जेमतेम तीन-चार. एकाच बागेतलं, चार-पाच फुटांवरचं. अर्थात दोन पिशव्यांवरून मी काही ठाम सांगणार नाही, पण तो आयपीसला डोळा लावून बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे दुकानदाराचं ऐकलं असतं तर हे सगळे गेले असते?" सगळे नाही, पण बरेच, असं मी म्हटलं.

रिपोर्ट काढताना गंमत, आमच्या फॉरमॅटमध्ये कोळ्यांसाठी कॉलमच नाही. खाली शेरा म्हणून पेनाने लिहिलं, "कोळीनाशक मातीत सोडू नका, काड्या बोदावरच राहू द्या." सर म्हणाले याचे पैसे कसे लावायचे. मातीचे लावले. डबी मात्र पहिल्याच दिवशी वडील आठवणीने परत घेऊन गेले होते, म्हणाले नातीला दाखवतो आणि मग बोदावर सोडतो.