ठेल्यावरचं पोरगं

मी मूळची साताऱ्याकडची. तंबाखू, सुपारी, चुन्याच्या मिश्रणाला आमच्याकडे म्हणतात मावा, आणि तो चोळतात. अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात बदली झाली तेव्हा कळलं, इकडे तो खर्रा, आणि तो घोटतात. टपरी म्हणजे पानठेला, प्लॅस्टिक म्हणजे पन्नी.

त्या दिवशी शाळेजवळच्या एका ठेल्याची तक्रार होती. आम्ही पोचलो तेव्हा ठेलेवाला घोटतच होता. समोर मांडलेलं जवळपास सगळं रीतसर. साध्या सुपारीला बंदी नाही, चुन्याला नाही, इशाऱ्याचं चित्र छापलेल्या साध्या तंबाखूलाही नाही. पन्नीत एकत्र आले की मात्र त्यांचा खर्रा होतो आणि तो आमच्या आदेशात बसतो. फळीखाली पोत्यामागे सुगंधित तंबाखूचे डबे निघाले. झाकण उघडलं तर अत्तराच्या दुकानासारखा वास. नवख्या माणसाला तंबाखूचा ठसका लागतो, तो या वासाखाली झाकला जातो. सगळी गोम तिथेच आहे.

"या सालचा कागद आनला का जी, मॅडम?" ठेलेवाल्याने शांतपणे विचारलं.

राग आला, पण प्रश्न बरोबर होता. गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावाही त्यात आले. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे आयुक्तांना एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचीच बंदी घालता येते, म्हणून दर वर्षी नवा आदेश. ई-सिगारेटवर केंद्राने 2019 मध्ये थेट कायदाच केला, तारखेची भानगड नाही. आमच्या कागदाला मात्र दर वर्षी वाढदिवस. माझ्या पिशवीत तो होता.

पंच मिळायला पाऊण तास गेला. शाळेच्या भिंतीपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, त्याचा दंड 200 रुपयांपर्यंत. ते अंतर टेपने मोजायला मात्र चार जण धावून आले. सही म्हटल्यावर सगळ्यांना कामं आठवली. शेवटी दोघे तयार झाले. त्यातल्या एकाच्या गालात खर्रा होता. तो बाजूला जाऊन थुंकून आला आणि गंभीरपणे उभा राहिला. काय बोलणार?

नमुन्याचे चार भाग करून पाकिटं बांधत होते. प्रत्येकावर चिठ्ठी, लाख, आणि ठेलेवाल्याची सही अशी की पाकीट फोडलं तर ती फाटावी. एक भाग विश्लेषकाकडे जातो, अहवालाला 14 दिवस. तिसऱ्या पाकिटाला लाख लावत असताना कमरेखालून आवाज आला.

"भाऊ, आबाजीचा खर्रा दे न जी."

शाळेचा गणवेश, मुठीत चुरगळलेली नोट. दहा वर्षांचा असेल. आम्ही कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"जा बे घरी," ठेलेवाला पुटपुटला. पहिल्यांदाच त्याचा हात थरथरला. बाल न्याय कायद्याचं कलम 77 त्याला माहीत असावं. मुलाच्या हाती तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड.

पण आज त्याने दिला नव्हता. रोज देतो हे पोराच्या एका वाक्यावरून सगळ्यांना कळलं होतं. ते पंचनाम्यात लिहायचं तर पोराचं नाव, मग पोलीस, मग आबाजी. गालात खर्रा असलेला पंच हळूच म्हणाला, "पोराचं नाव नका टाकू जी, मॅडम."

मी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. पंचनाम्यात डब्यांची संख्या आहे, वजन आहे, वेळ आहे, लाखेच्या शिक्क्याचं वर्णन आहे. पोरगं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

चौथं पाकीट बांधून झालं तरी तो तिथेच उभा होता. मी त्याला घरी जायला सांगितलं. तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"बंद हाय का आज?"