लॉस एंजेलिसचे डोनट: आधी गल्लीतलं दुकान, मग नावाजलेलं

मुद्द्याचं आधी सांगते, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. लॉस एंजेलिस परिसरात डोनट खात फिरायचं असेल तर गल्लीतली छोटी दुकानं पहाटे करा आणि नावाजलेली रात्री. आम्ही बरोबर उलटं केलं आणि अख्खा शनिवार घालवला. "एका दिवसात आठ दुकानं" असे व्हिडिओ पाहून निघालो होतो. त्यातली बरीचशी दुकानं दुपारी एक-दोनला बंद होतात, हे त्या व्हिडिओंत कुणीही सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं अर्व्हाइनला राहतो. एप्रिलमधला शनिवार-रविवार यासाठी मोकळा ठेवला होता. नियम एकच ठरवला: प्रत्येक दुकानात तेच दोन डोनट घ्यायचे, एक साधा ग्लेझ्ड, म्हणजे वरून साखरेचा पाक दिलेला, आणि एक ओल्ड फॅशन्ड, आणि अर्धा-अर्धा खायचा. ग्लेझ्ड माझा लाडका. तो यीस्टने आंबवलेल्या मैद्याचा, हलका, चावला की दबणारा. नवऱ्याचा जीव ओल्ड फॅशन्डवर. तो बेकिंग पावडरचा, कमी आचेवर तळलेला, म्हणून वरून तडे गेलेला आणि आत खुसखुशीत. बालूशाही आवडणाऱ्यांनी डोळे मिटून हाच मागवावा. ज्या दुकानाला साधा ग्लेझ्ड जमत नाही, त्याच्या पिस्ते-गुलाबाच्या डोनटवर पैसे घालू नयेत, हे माझं ठाम मत या दोन दिवसांत आणखी पक्कं झालं.

शनिवारी सकाळी इंगलवूडचं रँडीज डोनट्स केलं. १९५० च्या दशकातलं दुकान, छपरावर तो प्रसिद्ध अजस्र डोनट आणि त्याच्या मागून विमानतळावर उतरणारी विमानं. छान झालं. हे दुकान चोवीस तास उघडं असतं, म्हणजे सकाळच्या मोलाच्या वेळात इथे यायची काहीच गरज नव्हती. ते आम्हाला दुपारी कळलं.

तिथून समुद्राकाठच्या एका फार गाजलेल्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, पण किनाऱ्यालगतच्या कुठल्याही झकपक दुकानात हे होऊ शकतं, म्हणून सविस्तर सांगते. पार्किंगचे १५ डॉलर. उन्हात पन्नास मिनिटं रांग. अर्ध्या वाटेवर नवरा म्हणाला, "अगं, सोडूया, लाँग बीचच्या छोट्या दुकानांना उशीर होईल." मी म्हटलं, "एवढं थांबलोय तर आता घेऊनच जाऊ." माझंच चुकलं. आत पोचलो तेव्हा ओल्ड फॅशन्ड संपला होता. साडेचार डॉलरला एक असे सहा डोनट आणि साडेपाच डॉलरला एक अशा दोन कॉफी घेतल्या, माल झाला ३८ डॉलरचा. बिलात १८ टक्के 'सेवा शुल्क' लावलेलं, म्हणजे ६ डॉलर ८४ सेंट. मग टॅबलेट आमच्याकडे वळवला, त्यावर २० टक्के टिप आधीच निवडलेली, आणखी ७ डॉलर ६० सेंट. मागे रांग खोळंबलेली, नवऱ्याने घाईत बटण दाबलं. ५२ डॉलर ४४ सेंट गेले. डोनट आम्हीच काउंटरवरून उचलले, आम्हीच बाहेर बाकावर बसून खाल्ले, मग सेवा कसली?

नंतर शोधलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून छुप्या शुल्कांना बंदी आहे, पण खाण्यापिण्याच्या दुकानांना त्यातून सूट मिळाली आहे. अट एवढीच की शुल्क ठळकपणे लिहिलेलं हवं. इथे ते होतं फळ्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत. तेव्हा रांगेत असतानाच फळा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शुल्क दिसलं तर वर टिप द्यायची नाही. टॅबलेटवर 'कस्टम' दाबून शून्य भरता येतं, संकोच करू नका.

आणि डोनट? गार. वर लॅव्हेंडरच्या पाकाचा जाड थर, खाली कोरडा पाव. इथे एक खूण सांगून ठेवते. यीस्टचा डोनट नीट फुगलेला असला तर तेलात उंच तरंगतो, आणि दोन्ही बाजू तळल्यावर कडेला मधोमध एक फिकट पट्टा राहतो, कमरपट्ट्यासारखा. काचेतून तो पट्टा दिसतो का ते आधी पाहायचं. इथे तो नव्हताच, नुसता तपकिरी गोळा.

त्यानंतर ४०५ फ्रीवे. शनिवारी दुपारी किनाऱ्याकडून लाँग बीचकडे या रस्त्याने जाऊ नका. दीड तास गाडी रांगत होती. पावणेतीनला पोचलो तर यादीतल्या तिन्ही दुकानांत खुर्च्या टेबलांवर उलट्या, काचेमागे रिकामे ट्रे. तिसऱ्या दुकानात फरशी पुसणाऱ्या माणसाने काचेतूनच पाच बोटं दाखवली, "टुमारो, फाइव्ह." गाडीत आम्ही घरापर्यंत एकमेकांशी धड बोललो नाही.

रविवारी पावणेपाचला घर सोडलं. तोच ४०५ अर्ध्या तासात संपला. लाँग बीचच्या ॲनाहाइम स्ट्रीटच्या आसपास कंबोडियन वस्ती आहे, तिथल्या एका दुकानात शिरलो. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला नखांचं पार्लर, मध्ये हे चार टेबलांचं दुकान. तळणीचा आणि गरम साखरेचा वास पार्किंगपर्यंत येत होता. काउंटरवर साठीच्या बाई. रात्री एक वाजता पीठ मळायला घेतात म्हणाल्या. आमच्यासमोर जाळीवर ग्लेझ्डची रास आली. पाक अजून ओला, कडेने ओघळून जाळीखालच्या ट्रेमध्ये टपटपत होता. आणि प्रत्येकाला तो फिकट कमरपट्टा. हातात घेतला तर बोटांचे ठसे उमटले आणि हळूहळू परत भरून आले. पहिला घास घेऊन मी नवऱ्याकडे पाहिलं, तो आधीच दुसऱ्या डोनटकडे हात नेत होता. बारा डोनट १८ डॉलरला, वर चार डोनट होल्स, म्हणजे छोटे गोल डोनट, न मागता पिशवीत.

बाईंनी सपाट गुलाबी पुठ्ठा घेतला, दोन झटक्यांत त्याचं खोकं केलं. ही गुलाबी खोकी इथली ओळख आहे आणि तिच्यामागे कंबोडियन माणसांची मेहनत आहे. १९७५ मध्ये कंबोडियातून जीव वाचवून आलेले टेड न्गॉय विंचेल्स या साखळी दुकानात काम शिकले, १९७७ मध्ये त्यांनी ला हाब्रा इथलं क्रिस्टीज हे दुकान विकत घेतलं. मग दुकानांमागून दुकानं घेत ती आपल्या देशातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना चालवायला दिली. नेहमीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यापेक्षा गुलाबी थोडा स्वस्त पडायचा, म्हणून खोकी गुलाबी. अख्खं कुटुंब रात्रभर राबतं तेव्हा दीड डॉलरचा डोनट पहाटे पाचला गरम मिळतो. अशा दुकानात टिपच्या डब्यात मनापासून पैसे टाका. रोख जवळ ठेवा, काही ठिकाणी कार्ड चालत नाही.

शाकाहारी लोकांसाठी: बहुतेक डोनटमध्ये अंडं असतं, ग्लेझ्डमध्येसुद्धा. अंडं चालत असेल तरी तेल कसलं ते विचारा, कारण काही ठिकाणी तळणीत प्राण्यांची चरबी वापरतात. "व्हेजिटेबल शॉर्टनिंग?", म्हणजे वनस्पती तूप का, एवढं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. याच दुकानांत सुंदर दिसणारे क्रोसाँ असतात, त्यांत बहुधा हॅम, म्हणजे डुकराचं मांस, असतं. मेपल बार या लांबट डोनटवर बेकन नाही ना, तेही पाहून घ्या.

त्या परिसरात अजून दोन दुकानं केली, दोन्ही चांगली. दुपारी घरी येऊन झोपलो.

संध्याकाळी उशिरा ६०५ फ्रीवेने उत्तरेला निघालो. ला प्वेंतेचं डोनट होल हे १९६८ चं दुकान. दोन टोकांना दोन प्रचंड डोनट, त्यांच्या भोकांतून गाडी आत न्यायची, मध्ये खिडकीशी डोनट घ्यायचे आणि पलीकडून बाहेर. नवविवाहित जोडपी शुभ म्हणून इथून गाडी नेतात असं म्हणतात. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्हीही नेली.

शेवटचं ग्लेंडोराचं डोनट मॅन. जिम आणि मियोको नाकानो या दांपत्याने १९७२ मध्ये सुरू केलेलं, रूट ६६ या जुन्या महामार्गावरचं दुकान, हेही चोवीस तास उघडं. ग्लेझ्ड डोनट आडवा चिरून त्यात ताज्या स्ट्रॉबेरी गच्च भरतात. स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण उन्हाळा सुरू होईपर्यंतच, नंतर पीच येतात, म्हणून इथे मार्च ते मेमध्येच जा. रात्री दहाला पाच मिनिटांत काउंटरशी पोचलो. एक दोघांत पुरतो, दोन घेऊ नका. काटा मागून घ्या आणि गाडीच्या सीटवर टॉवेल अंथरा, कारण पहिल्याच घासाला तीन स्ट्रॉबेरी निसटतात. नवऱ्याने ओल्ड फॅशन्डचं नावही काढलं नाही.

उरलेले डोनट फ्रीजमध्ये ठेवू नका, कडक होतात. ओल्ड फॅशन्ड डब्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगला राहतो. ग्लेझ्ड सकाळी आठ-दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, त्याहून जास्त नाही, आणि लगेच खा. स्ट्रॉबेरीचा घरी आणायचा नाही, पार्किंगमध्येच संपवायचा.