आमची वाटचाल: ‘उवॉर्ड’पासून हळदीच्या पाकिटापर्यंत

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत बाबांची ट्रेडल मशीन होती, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र. लग्नपत्रिका, पावती बुकं, निवडणूक आली की हँडबिलं. पुढे ऑफसेट आलं, फ्लेक्स आलं आणि ट्रेडल भंगारात गेली. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, तर किलोच्या भावानं गेले. आज त्याच पडवीत एक इंकजेट, एक लेझर प्रिंटर, एक कटर, मी आणि बायको. फर्म म्हणायची ती एवढीच.

धंद्याला वळण लागलं ते एका गुरुजींमुळे. वडिलांचं वाळवीनं खाल्लेलं प्रशस्तिपत्रक त्यांनी आणलं. वर इंग्रजीत ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’, त्या जाड, टोकदार, काटेरी अक्षरात. ‘हुबेहूब करून द्या, फ्रेम करायची हाय.’ मी इंटरनेटवरून पहिला दिसेल तो जर्मन वळणाचा फॉन्ट उतरवला आणि छापून दिला. गुरुजींनी चष्मा वर केला. ‘भाऊ, हे उवॉर्ड काय हाय बाप्पा?’

चूक माझी. मी घेतला होता फ्राक्टुर, म्हणजे जर्मन छपाईचं जुनं काटेरी वळण, आणि त्यातला कॅपिटल ‘ए’ आपल्या डोळ्याला ‘यू’सारखाच दिसतो. गुरुजींच्या कागदावरचं अक्षर त्याच्या आधीच्या घराण्यातलं, टेक्स्टुरा नावाच्या वळणाचं. जर्मन मुद्रक गुटेनबर्गनं सुमारे १४५५ साली बायबल छापलं ते याच वळणात. इंग्रजीत त्याला ओल्ड इंग्लिश म्हणतात, म्हणून कॉम्प्युटरवरचा ‘ओल्ड इंग्लिश टेक्स्ट’ लावून पाहिला. जवळ आला, पण जुळला नाही.

तेव्हा बायकोनं माळ्यावरचा डबा आठवून दिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा खिळे भंगारातून सुटले होते. बाबांनी ते चिमट्यानं उचलले, अंगठ्यानं खाच चाचपली आणि न बघता सरळ धरले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा हात तो, डोळे अधू झाले तरी विसरत नाही. स्टॅम्प पॅडवर टेकवून कार्डावर उमटवले, १२०० डीपीआयवर स्कॅन केले आणि कागदाशी ताडून पाहिले. वळण तेच होतं, पण नाव कुठेच नव्हतं.

नाव सापडायला बऱ्याच रात्री गेल्या. अमेरिकन टाइप फाउंडर्स या खिळे ओतणाऱ्या कंपनीचं १९२३ सालचं नमुन्यांचं जाडजूड पुस्तक इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेलं आहे. त्यात ‘क्लॉइस्टर ब्लॅक’ दिसला. तो १९०४ चा टाइप. शेजारी खिळ्यांचे ठसे धरले, आणि बाबा नुसतं ‘हं’ म्हणाले.

डिजिटल प्रत मिळाली ती नागपूरहून आणलेल्या एका जुन्या सीडीत, पीएफबी फाइल, म्हणजे जुन्या ‘टाइप १’ प्रकारचा फॉन्ट. पण एडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये टाइप १ फॉन्टचा आधार काढला, त्यामुळे नवीन सॉफ्टवेअर तिला ओळखही देईना. शेवटी डिएटर श्टेफमान या जर्मन माणसानं केलेली मोफत प्रत घेतली. असे कित्येक जुने टाइप त्यानं डिजिटल केलेत. सोबतची परवान्याची फाइल मात्र मी वाचतो, आपणही वाचावी.

घरी छापणाऱ्यांना अनुभवाचं सांगतो. हे अक्षर सगळं कॅपिटलमध्ये कधीच लावू नका, मालकालाही वाचता येत नाही. साध्या कागदावर इंकजेटची शाई पसरते आणि आतल्या केसासारख्या रेघा बुजतात. म्हणून जाड, गुळगुळीत कार्ड घ्या, आकार २४ पॉइंटच्या खाली नको, आणि लेझर असेल तर उत्तमच. फाइल दुसरीकडे द्यायची असेल तर अक्षरं आधी कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून ठेवा. नाहीतर तिथे फॉन्ट बदलतो आणि दोष आपल्या माथी.

गुरुजींची फ्रेम लागली. ती पाहून बचत गटातल्या ताई आल्या. त्यांना वायगाव हळदीच्या पाकिटावर ‘तसंच जुनं’ अक्षर हवं होतं, तेही मराठीत. आता या फॉन्टात देवनागरी कुठून येणार? बाबांनी बोरू मागितला. इंग्रजीचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचं. ते कापून त्यांनी कागदावर ‘हळद’ लिहिलं. तिसऱ्या खेपेला ‘ळ’ जमला. तो स्कॅन करून पहिली शंभर लेबलं काढली. त्यातली सात कटरनं वाकडी कापली, ती आम्ही घरच्या डब्यांवर चिकटवली.