कॉन्स्टिट्यूशन हॉल ते लिंकन स्मारक: मेरियन अँडरसनचं वॉशिंग्टन

मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय अमेरिकी गायिकेशी जोडलेलं वॉशिंग्टन अर्ध्या दिवसात पायी बघून होतं, फक्त शनिवार-रविवार टाळायचा. कारण पुढे येईलच.

फॅरागट वेस्ट मेट्रोतून बाहेर पडून मी १८व्या रस्त्याने दक्षिणेला निघालो. पंधरा मिनिटांत डाव्या हाताला कॉन्स्टिट्यूशन हॉल लागतो. १९३९ साली हॉवर्ड विद्यापीठाने तिच्या मैफलीसाठी हाच हॉल मागितला होता. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या मालक संस्थेच्या करारात फक्त गोऱ्या कलाकारांना परवानगी होती, त्यामुळे नकार मिळाला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी निषेध म्हणून संस्थेचं सदस्यत्वच सोडलं. मैफल शेवटी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर झाली. कार्यक्रम नसेल तर हॉल बाहेरूनच बघावा लागतो.

खरी गंमत रस्त्यापलीकडे आहे. समोरची भलीमोठी इमारत इंटिरियर खात्याची, म्हणजे सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याची. त्या पायऱ्या मैफलीला देणारे हॅरल्ड इकीझ तेव्हा याच खात्याचे मंत्री होते. आत मिचेल जेमिसनने त्या मैफलीवर काढलेलं भित्तिचित्र आहे. त्यात गायिकेपेक्षा श्रोत्यांची गर्दीच जास्त भरते, आणि मला तेच योग्य वाटतं. जानेवारी १९४३ मध्ये त्याचं अनावरण झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ७ तारखेला, ती समोरच्या हॉलमध्ये गायली! हे सरकारी कार्यालय असल्याने चित्रं बघायची तर आधी नोंदणी करून कामाच्या दिवशीच यावं लागतं. पासपोर्ट जवळ हवाच. तो हॉटेलात राहिला तर दारातूनच परत.

तिथून लिंकन स्मारक वीस-पंचवीस मिनिटांवर. तळ्यापासून पुतळ्यापर्यंत ८७ पायऱ्या. मैफलीचा दिवस ९ एप्रिल १९३९, ईस्टरचा रविवार, संध्याकाळचे पाच, समोर सुमारे ७५,००० माणसं. जायचं तर त्याच सुमारास जा. स्मारकाचं तोंड पूर्वेला, सूर्य मागे. पायऱ्या सावलीत आणि एप्रिलमध्येही गारठा. चित्रफितीत ती फरचा कोट का घालून आहे ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. पुतळ्याचा फोटो मात्र सकाळीच चांगला येतो.

पियानोवर फिनलंडचा कोस्टी वेहानेन होता. सुरुवात 'अमेरिका' या देशभक्तिगीताने, मग दोनिझेत्तीच्या 'ला फाव्होरिता'मधलं 'ओ मिओ फर्नांदो', शूबर्टचं 'आवे मारिया', आणि मध्यंतरानंतर स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची भक्तिगीतं. तिचा आवाज कॉन्ट्राल्टो, स्त्रीआवाजातला सर्वांत खालचा. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातला खर्ज साफ गळतो. हेडफोन न्या.

आता ऑपेराचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकल भूमिका करणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका ती, पण तारीख बघा: ७ जानेवारी १९५५. वय ५७, भूमिका वेर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'मधली भविष्य सांगणारी उलरिका. तोवर आवाजाचा बहर ओसरला होता. त्यामुळे ऐकायला सुरुवात मी तरी १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांपासून करायला सांगेन. आणि तो रंगमंच शोधायला ऑपेराच्या आजच्या जागी, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, जाऊ नका. जुनं मेट्रोपॉलिटन ब्रॉडवे आणि ३९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. १९६७ साली पाडलं.