पहिली मॅरेथॉन आणि निकालातला एक रिकामा रकाना

जानेवारी २०२३ मध्ये मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पळून पूर्ण केली. तेव्हा वय ४१, नोकरी परभणीत, बँकेच्या काउंटरवर. सराव कसा केला ते सगळे विचारतात आणि मी आवडीनं सांगतेही. पण सरावानं दमवलं नसेल एवढं मला एका सर्टिफिकेटनं दमवलं. ते आठवलं की अजून चीड येते, म्हणून आधी तेच सांगते.

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव द्यायचं तर आधी पळालेल्या एखाद्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्यासाठी मी ऑगस्टअखेर दुसऱ्या एका शहरात हाफ मॅरेथॉन पळाले. आमच्या पळण्याच्या गटातल्या एक शिक्षिका ताई आणि मी शेवटचे दोनशे मीटर हातात हात घेऊनच आलो. कमानीवरचं घड्याळ २ तास ३८ मिनिटं दाखवत होतं. गळ्यात मेडल पडलं, केळं खाल्लं, एसटीनं घरी आलो. संध्याकाळी निकालाची लिंक आली. ताईंच्या नावापुढे वेळ होती. माझ्या नावापुढे स्टार्टची वेळ, मधल्या वळणावर रस्त्यावर अंथरलेल्या, वेळ नोंदवणाऱ्या मॅटची वेळ, आणि फिनिशचा रकाना रिकामा. शेरा होता ‘डीएनएफ’. म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही.

मी तो निकाल बघत होते तेव्हा मेडल गळ्यातच होतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पळालीस ना तू? मग कागदावर कामून नाही?” मला उत्तर देता येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या, मागे एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. तीच चिप. आपण मॅट ओलांडली की तिथला अँटेना ती चिप वाचतो आणि वेळ नोंदवतो. बिब दुमडलं, त्यावर मोबाइलचा पट्टा आला किंवा ते घामानं ओलं होऊन अंगाला चिकटलं, तर चिप कधीकधी वाचली जात नाही. माझं बिब छातीवर होतं, चारही कोपऱ्यांना पिना, वर काही नाही. दोन मॅटनी ते वाचलं होतं. तिसरीनं वाचलं नाही, यात माझी चूक काय?

दुसऱ्या दिवशी आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, टायमिंगचं काम आम्ही कंपनीला दिलंय, त्यांच्याशी बोला. कंपनीला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, सिस्टिममध्ये जे आलं ते आलं. बदल करायचा तर आयोजकांनी आम्हाला सांगावं लागतं.” परत आयोजक. “मेल करा.” मेल केला. उत्तर आलं की तुमचा मेल मिळाला, लवकरच संपर्क करू. पुढे आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी फोन केला तर वेगळाच माणूस, त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. त्यानं विचारलं, “नक्की पूर्ण पळाला होतात का?” दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बँकेच्या जिन्यात उभी राहून मी हे ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं.

मी स्वतः काउंटरवर बसते. पैसे भरले पण एन्ट्री दिसत नाही असं म्हणत खातेदार आला तर आम्ही स्लिप बघतो, अर्ज घेतो, पोच देतो आणि कोणत्या दिवशी चौकशी करायची ते सांगतो. ‘नक्की भरले होते का’ असं त्याला विचारून परत पाठवत नाही. मला कोणी पोच दिली नाही, तारीख दिली नाही. इकडे मुंबईच्या जागा मर्यादित. गटातल्या चौघांची नावं नोंदवून झाली होती. मी रोज रात्री साइट उघडून नोंदणी चालू आहे ना तेवढं बघून झोपायची.

त्याच ऑगस्टमध्ये आपल्या मराठवाड्याच्या अविनाश साबळेनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य आणलं होतं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा. त्याची वेळ ८:११.२० आणि सुवर्णवाल्याची ८:११.१५. पाच शतांश सेकंदांचा फरक, आणि तो मोजला गेला, जगानं मानला. माझे अडीच तासांहून जास्त पळणं मात्र कुठेच नव्हतं. त्याची माझी बरोबरी नाही, पण धावणाऱ्याची वेळ ही त्याची कमाई असते. ती अशी गहाळ झालेली सोसवत नाही.

शेवटी बँकेत अर्ज लिहितो तसा एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात माझा बिब नंबर टाकला. त्यांच्याच निकालातल्या माझ्या दोन मॅटच्या वेळा टाकल्या. ताईंचा बिब नंबर आणि त्यांची फिनिशची वेळ टाकली, आणि आम्ही दोघींनी रेषा एकत्र ओलांडली असं स्पष्ट लिहिलं. सोबत एक फोटो जोडला, ज्यात आमचे दोन्ही नंबर आणि वरचं घड्याळ वाचता येतं. शेवटी एकच मागणी: फिनिशच्या कॅमेऱ्याचं २:३७ ते २:३९ एवढंच चित्रण बघा. हा मेल आयोजक आणि कंपनी दोघांना एकदम पाठवला, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येऊ नये. तिसऱ्या दिवशी त्या टायमिंगवाल्या मुलाचाच फोन आला. “मॅडम, दिसलात तुम्ही. पिवळी टोपी ना?”

शर्यतीनंतर एकोणीस दिवसांनी सर्टिफिकेट आलं. त्याच रात्री मुंबईचा फॉर्म भरला. दोन मिनिटांचं काम होतं ते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: निकाल लागला की त्याच दिवशी आपली ओळ उघडून बघा. फिनिशला फोटो काढून घ्या, नंबर आणि घड्याळ दोन्ही येतील असा. सर्टिफिकेटवर बहुधा दोन प्रकारच्या वेळा असतात. एक पिस्तूल वाजल्यापासूनची आणि एक आपण स्टार्टची मॅट ओलांडल्यापासूनची. दोन्ही बरोबर आहेत का ते पडताळून घ्या.

आता सराव. तो आमच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात झाला. झाडी आहे, पहाटे वाहनं नसतात. साडेचारला चार-पाच जण एकत्र निघायचो. बायकांनी एकटीनं अंधारात निघू नये असं मला वाटतं, कुत्र्यांमुळेही आणि घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणूनही. आठवड्यात तीन दिवस थोडं, रविवारी लांब. रविवारचं अंतर दोन-दोन किलोमीटरनं वाढवत न्यायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. सगळ्यात लांब ३२ किलोमीटर, तेही शर्यतीच्या चार आठवडे आधी. त्यानंतर कमी करत यायचं. पूर्ण ४२ सरावात पळायचं नसतं. मला ते खरं वाटत नव्हतं, पण खरं आहे.

सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा, विशेषतः बायकांनी. माझं ९.८ निघालं. दोन महिने डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, मगच अंतर वाढवलं. पावसाळ्यात रस्ता सोडून कडेनं पळू नका, आपली काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलत नाही. बूट अर्धा नंबर मोठाच घ्या, लांब पळताना पाय सुजतात. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली ती जुन्या बुटांनी. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी आणि खजूर मला पुरले. पण जे काही शर्यतीत खाणार ते आधी रविवारी खाऊन बघा.

परभणी सपाट, मुंबईत पेडर रोडचा चढ. तो जाताना लागतो आणि परत येताना ३६ किलोमीटरच्या पुढे पुन्हा लागतो. त्यासाठी आम्ही गावातल्या उड्डाणपुलावर दहा-दहा वेळा वर-खाली केलं. दुसरं म्हणजे दमट हवा. आपल्याकडे हिवाळ्यात घाम वाळून जातो, तिथे तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. पहिल्या तासात नेहमीपेक्षा हळू पळा. मी ताईंचं ऐकून हळू पळाले आणि तेच कामी आलं.

शर्यतीचा दिवस फार छान गेला. पहाटे सीएसएमटीहून सुटलो, मरीन ड्राइव्हला अंधारच होता, सी लिंकवर चांगलं उजाडलेलं होतं. माहीमच्या बाजूला लोक घरातून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन उभे होते. कोण कुठली मी, पण बिबवरचं नाव वाचून हाका मारत होते. पेडर रोडचा दुसरा चढ मी चालत चढले. चालण्यात काही कमीपणा नाही. चढ संपल्यावर पळायला सुरुवात केली ती कमानीपर्यंत थांबले नाही.

शेवटच्या मॅटच्या आधी दोन्ही हातांनी बिब सरळ केलं, टोकं खाली ओढली, छाती पुढे काढून मॅट ओलांडली. मग मेडल घेतलं, पाणी घेतलं आणि कडेला फुटपाथवर बसले. पाय थरथरत होते. निकाल लगेच दिसेना. वीस मिनिटं तशीच बसून राहिले, दर दोन मिनिटांनी पान उघडत. मग माझी ओळ आली. सगळे रकाने भरलेले, शेवटचा ५:३४:१२.

स्क्रीनशॉट काढून ताईंना पाठवला. मग बुटांच्या नाड्या सोडल्या.